कच्ची वही, पक्की वही

जून महिना जवळ आला की कोणत्याही गावातल्या स्टेशनरीच्या दुकानापुढे ठरावीक संवाद ऐकू येतात. "दोनशे पानी सहा द्या, शंभर पानी चार, एक चौकटीची, एक दुरेघी." भिवंडीच्या निजामपुऱ्यातही याहून वेगळे काही घडत नाही. पण भिवंडी हे देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. त्यामुळे दप्तर पाठीला लावून शाळेकडे निघालेले मूल मागांच्या खडखडाटातूनच वाट काढत जाते, आणि वाटेत त्याला आणखी दोन प्रकारच्या वह्या भेटतात. एक असते कारखान्याच्या टेबलावर. कोणत्या मागावर कोणी किती मीटर कापड विणले, कोणी किती उचल घेतली, हे तीत मेहताजी लिहीत असतात. दुसरी असते एखाद्या कामगाराच्या सदऱ्याच्या खिशात. हाताच्या पंजाएवढी, कोपरे मळलेली. आज आपण किती विणले याचा आकडा तो पाळी संपल्यावर तीत टिपून ठेवतो. सगळेच कामगार अशी वही ठेवत नाहीत, पण जो ठेवतो तो ती जपून ठेवतो.

या तीन वह्यांपैकी कोणती वही कोणासाठी लिहिली जाते? मेहताजींची वही मालकासाठी. मुलाची वही, खरे बोलायचे तर, आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकासाठी. आपण ती तपासतो आणि लाल शाईने सही करतो. स्वतःसाठी लिहिलेली अशी त्या खिशातली मळकी वही तेवढी एकटीच. स्वतःसाठी वही ठेवण्याची ही सवय माणसाला कशी लागली, तिने काय काय घडवले, आणि अशी वही निवडताना कशाकडे पाहावे, याचा हा थोडक्यात इतिहास.

दप्तर आणि रुमाल

सुरुवात मुलाच्या पाठीवरच्या पिशवीपासून करू. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या 'दिफ्थेरा' या शब्दापर्यंत जाते, आणि त्याचा अर्थ आहे कमावलेले कातडे. कागद येण्यापूर्वी लिहायला कातडे वापरत. कातड्यावरून हे नाव नोंदीच्या पुस्तकाला मिळाले, पुस्तकावरून कचेरीला, आणि मराठीत ते शाळेच्या पिशवीवर येऊन थांबले. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद आजही कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल तिथे आहेत. हे कागद बहुतेक मोडी लिपीतले आहेत. मोडीत आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि मग शक्य तितका हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लिहीत जातात. कारकुनाला वेग हवा होता, आणि त्या वेगासाठीच ही लिपी कामी आली.

जुन्या जमाखर्चाच्या वहीत छापील रेघा नसत. कागदाला ठरावीक घड्या घालून तो पुन्हा उलगडत. घडीच्या वळ्या हेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. छपाई नाही, पट्टी नाही, तरी शंभर पानांवर रकाने एका ओळीत! वर्गात कोरा कागद देऊन मुलांकडून असे आठ समान रकाने करून घ्यावेत. निम्मे, त्याचे निम्मे, आणि पुन्हा त्याचे निम्मे. अपूर्णांकांचा हा पाठ व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच तयार करून ठेवला आहे.

कीर्द आणि खतावणी

हिशेब लिहिण्याची आपली पद्धत दोन टप्प्यांची होती. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचे, ती रोजकीर्द. मग त्यातली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची, ती खतावणी. घाईत टिपण्यासाठी अनेक जण कीर्दीच्याही आधी एक कच्ची वही ठेवत आणि संध्याकाळी तिच्यावरून पक्की वही लिहीत.

युरोपातही हेच दिसते. इटालियन गणिती लुका पाचोली याने १४९४ मध्ये गणितावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती समजावून सांगितलेली आहे. तीतही तीन वह्या आहेत. पहिली स्मरणवही. दुकानातल्या कोणीही, जमेल तसे तीत टिपावे. दुसरी रोजनिशी आणि तिसरी खातेवही. एकमेकांपासून इतक्या दूरच्या बाजारांत सारखीच रचना दिसते, याचे कारण अडचण एकच आहे. घटना ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने त्या आपल्याला पुढे लागत नाहीत. टिपून ठेवताना वेळेचा क्रम सोयीचा असतो, शोधताना मात्र विषयाचा. एकाच वहीत दोन्ही साधायला गेले की दोन्ही बिघडतात.

व्यापाऱ्यांची ही युक्ती विज्ञानाने उचलली. इंग्लंडमध्ये कच्च्या वहीला 'वेस्ट बुक' म्हणत. न्यूटनला सावत्र वडिलांकडून एक जाडजूड वही मिळाली होती. त्या पाद्रीबुवांनी तीत धर्मविषयक मथळे घालून ठेवले होते, पण बहुतेक पाने कोरीच राहिली होती. कागद महाग होता. न्यूटनने १६६४ पासून त्या कोऱ्या पानांवर गणित आणि गतिशास्त्र यांची आकडेमोड सुरू केली आणि वहीला नाव दिले 'वेस्ट बुक'. कलनशास्त्राची पहिली पावले या 'टाकाऊ' वहीत आहेत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यानेही अठराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून आपल्या टिपणवह्या भरल्या. सुचेल ते आधी कच्च्या वहीत टाकावे, नीट मांडणी नंतर करावी, असा त्याचा विचार होता.

आता आपल्या शाळेकडे पाहा. आपण पक्की वही तपासतो, जपतो, प्रदर्शनात मांडतो. कच्ची वही मात्र वर्ष संपले की रद्दीत जाते, आणि अनेकदा तिची पाने वर्षभर विमाने करण्यासाठी फाडली जातात. यात काय हरवते ते श्रीनिवास रामानुजन यांच्या उदाहरणावरून कळते. कागद परवडत नसल्यामुळे ते पाटीवर आकडेमोड करत, हाताने पुसत, आणि शेवटी मिळालेले सूत्र तेवढे वहीत उतरवत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये या वह्यांची हुबेहूब प्रत छापली. पाने सूत्रांनी भरलेली, पण सिद्धता जवळजवळ नाहीतच. त्या सिद्धता शोधून मांडण्याच्या कामातून अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड तयार झाले. पहिला १९८५ मध्ये निघाला आणि पाचवा १९९८ मध्ये. पक्की वही उरली होती. कच्ची वही, म्हणजे ती पाटी, पुसली गेली होती.

एका तारखेची किंमत

साध्या नोंदीत किती बळ असते याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण म्हणजे जेधे शकावली. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख हे शिवकालातले मोठे घराणे. या घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. शकावली म्हणजे शक, महिना आणि तिथी देऊन लिहिलेली घटनांची जंत्री. वर्णन नाही, अलंकार नाही. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडले, एवढेच. दाजीसाहेब जेधे यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली आणि टिळकांनी १९१६ मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मार्फत अभ्यासकांपुढे ठेवली.

तोपर्यंत बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ मानले जाई. शकावलीतली नोंद होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. यावर इतिहासकारांत बराच काळ वाद चालला, इतर साधने तपासली गेली, आणि आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला साजरी होते. बखरी वाचायला कितीतरी रंजक, पण कालनिर्णयाच्या कामी रूक्ष शकावली जास्त उपयोगी पडली. कारण तीत प्रत्येक घटनेपुढे तिथी होती. वही ठेवणाऱ्या प्रत्येकाने यातून एवढे घ्यावे, की आधी तारीख लिहावी. मजकूर अपुरा असला तरी चालेल, तारीख नसलेली नोंद निम्मी वाया गेली असे समजावे.

वही कोणाच्या हातात?

वहीचा इतिहास नुसता कौतुकाचा नाही. जी आठवण कागदावर उतरली तिच्यापुढे नुसत्या तोंडच्या आठवणीला किंमत राहत नाही, आणि मग ज्याच्या हाती वही त्याच्या हाती सत्ता जाते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पार्श्वभूमी अशी. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला भाव आला. कर्जे सहज मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, शेतसारा मात्र नव्या आकारणीत वाढला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतू होता व्याज साचू नये हा. घडले उलटे. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे त्याला कळत नव्हते.

जमावाने काय केले हे लक्षात घेण्यासारखे आहे. बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख माणसांवर नव्हता, तो रोखे आणि चोपड्या यांवर होता. कागद हाती आले की ते जाळले जात, आणि सावकाराने ते मुकाट्याने दिले तर बहुधा प्रकरण तिथेच थांबे. आपल्या गळ्याचा फास कशाचा आहे हे अक्षरशत्रू माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात एक तरतूद अशी होती, की शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती मिळाली पाहिजे, दरसाल हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि त्याने मागितल्यास त्याचे खाते पासबुकात लिहून दिले पाहिजे. म्हणजे तोच हिशेब दोन हातांत असावा! कर्जाचा प्रश्न या कायद्याने सुटला नाही, पण हिशेबाची एक प्रत ऋणकोकडे असावी हे तत्त्व कायद्यात आले. बँकेचे पासबुक, वेतनाची पावती, शिधापत्रिकेवरच्या नोंदी यांच्यामागे हेच तत्त्व आहे.

निजामपुऱ्यातल्या कामगाराच्या खिशातली वही आता वेगळी दिसू लागेल. यंत्रमागावरची मजुरी सहसा मीटरवर ठरते आणि पंधरा दिवसांनी हाती पडते. एका कामगाराकडे अनेक माग. पंधरा दिवसांपूर्वी कोणत्या मागावर किती ताका उतरला हे नुसत्या आठवणीने सांगता येणे कठीण. मेहताजी प्रामाणिक असले तरी चूक कोणाच्याही हातून होते. दोन वह्या असल्या तर चूक सापडते. एकच असली तर ती चूक आहे हेसुद्धा कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एकच मोजमाप दोघांना स्वतंत्रपणे घ्यायला सांगतो ते याच कारणासाठी. मुलांना हिशेब शिकवतो तेव्हा आपण त्यांच्या हाती हीच ताकद देत असतो.

खळ

आता कागदाकडे वळू. भिवंडीत सूत मागावर चढण्यापूर्वी 'सायझिंग'ला जाते. तिथे ताण्याच्या सुताला खळ लावतात. विणताना ताण्याचे धागे हजारो वेळा घासले जातात. खळीमुळे धाग्यावर पातळ कवच तयार होते, बारीक तंतू बसून राहतात आणि धागा तुटत नाही. कागदालाही खळच लावतात आणि त्या क्रियेलाही सायझिंगच म्हणतात. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. तिच्यातल्या बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने शाई पसरते. खळीने ही क्रिया मंदावते आणि अक्षर जागच्या जागी राहते. खळ न लावलेला कागद म्हणजे टीपकागद.

जुन्नरचा हातकागद पेशवाईत प्रसिद्ध होता, तसाच दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. जुन्या चिंध्या, गोणपाट, दोर कुजवून कुटायचे, लगदा पाण्यात कालवायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हीच विद्या सांभाळत आली आहे. कापडाच्या चिंध्या हा तिचा मुख्य कच्चा माल. कापड आणि कागद ही एकाच सेल्युलोजची दोन रूपे आहेत हे भिवंडीच्या मुलांना तर सहज पटेल.

हे जुने कागद तीनशे वर्षे टिकतात, आणि आपल्या आजोबांच्या काळातले पुस्तक मात्र हातात घेतले की त्याचा भुगा होतो. असे का? १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग याने राळ आणि तुरटी वापरून खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती यंत्राला सोयीची होती. पण तुरटीमुळे कागदात आम्लता येते आणि आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. पुढे १८४० च्या दशकात लाकूड घासून लगदा करण्याची रीत निघाली. अशा लगद्यात लिग्निन राहते, आणि ऊन व हवा लागली की ते पिवळे पडते. वर्तमानपत्र आठ दिवसांत पिवळे पडते ते यामुळेच. आता आम्लरहित कागदही मिळतो. ज्या नोंदी नातवंडांनी वाचाव्यात असे वाटते त्यांच्यासाठी तो शोधावा.

शाईची गोष्ट अशीच. आपली पारंपरिक शाई म्हणजे काजळ आणि डिंक. काजळ म्हणजे कार्बन. प्रकाशाने किंवा हवेने त्याचा रंग उडत नाही. भीती फक्त पाण्याची, कारण डिंक विरघळतो. युरोपातली जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांपासून करत. ती कागदात मुरते, पण आम्लधर्मी असल्याने काही हस्तलिखितांत तिने अक्षराच्या आकाराची भोके पाडली आहेत. साध्या बॉलपेनच्या शाईत बहुधा रंजकद्रव्य असते, आणि उन्हात ते फिके पडते. आणि पेन्सिल? तिच्या शिशात शिसे नसतेच. ते असते ग्राफाइट, म्हणजे पुन्हा कार्बन. पुसून काढले नाही तर तेही काजळाइतकेच टिकाऊ.

मंडालेच्या वह्या

१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे 'गीतारहस्य' लिहिले. लिहिण्याची परवानगी अटींची होती. सुटे कागद मिळणार नाहीत, पाने मोजलेल्या बांधीव वह्या मिळतील. शाई मिळणार नाही, पेन्सिलच वापरावी लागेल. कैद्याने चिठ्ठ्या बाहेर पाठवू नयेत हा तुरुंगाचा हेतू. पण टिकाऊ हस्तलिखितासाठी याहून चांगला नियम कोणी घातला नसता. पाने बांधलेली, मोजलेली, आणि लेखन कार्बनचे! जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या काही काळ सरकारकडेच राहिल्या. त्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

बांधीव की सुटी पाने, हा प्रश्न वही निवडताना आजही पडतो. सुटी पाने हवी तशी लावता येतात, म्हणून पक्क्या मांडणीला चांगली. बांधीव वहीत पान हरवत नाही, क्रम मोडत नाही आणि मागाहून पान घुसडता येत नाही, म्हणून कच्च्या नोंदीला, निरीक्षणाला आणि हिशेबाला तीच बरी. बांधणीतही फरक आहे. पिना मारलेल्या वहीत मधले एक पान फाडले की त्याचे जोडपान निखळते. जुजबंदीच्या वहीत पाने छोट्या छोट्या जुड्या करून दोऱ्याने शिवलेली असतात. ती पूर्ण उघडते आणि वर्षानुवर्षे टिकते.

सापडायला हवे

लिहिलेले सापडले नाही तर लिहून उपयोग काय? यावर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर तक्ता आखावा. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून त्याचे घर ठरवावे आणि त्या घरात पानाचा आकडा लिहावा. आपल्याला तर हा तक्ता आयताच मिळालेला आहे. बाराखडी! 'पाऊस' गेला 'पा'च्या घरात, 'फुलपाखरू' गेले 'फु'च्या घरात. चौथीतले मूलसुद्धा ही सूची ठेवू शकेल.

मायकेल फॅरेडेने आणखी सोपे केले. १८३२ पासून त्याने आपल्या प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक दिला, आणि तो क्रम कधी मोडला नाही. अखेरीस हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. जुन्या प्रयोगाचा उल्लेख करायचा तर क्रमांक लिहिला की झाले. फॅरेडे मुळात पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ मध्ये त्याने हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती नीट लिहून स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. त्याच्याकडे शाळेचे प्रमाणपत्र नव्हते. त्याची वही हेच त्याचे प्रमाणपत्र.

वर्गात करण्यासारखे

१. वर्तमानपत्राचा तुकडा उभा फाडा, मग आडवा फाडा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसरीकडे वेडावाकडा. यंत्रावर कागद होताना तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात, म्हणून. ही दिशा वहीच्या पाठीला समांतर असेल तर पाने सहज उलटतात, आडवी असेल तर ताठ उभी राहतात.

२. एका कागदावर पेन्सिल, बॉलपेन, जेलपेन आणि काजळाची शाई यांनी एकच शब्द लिहा. निम्मा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि महिनाभर उन्हात ठेवा. दुसऱ्या तशाच कागदावर पाण्याचे थेंब टाका. दोन्ही परीक्षांत कोण टिकते याचा तक्ता करा.

३. वहीच्या कागदाचे वजन काढा. समजा पान २४ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद आहे. दोनशे पानी वहीत १०० कागद असतात. एकूण क्षेत्रफळ ४.३२ चौरस मीटर. पुठ्ठा वगळून वजन २३० ग्रॅम भरले तर दर चौरस मीटरला सुमारे ५३ ग्रॅम. हाच आकडा दुकानदार 'जीएसएम' म्हणून सांगतो. तो कमी असेल तर शाई मागच्या बाजूला दिसण्याचा संभव जास्त.

४. ए-४ कागदाची बाजू २९७ आणि २१० मिलिमीटर. गुणोत्तर काढा. कागद मधोमध दुमडून पुन्हा काढा. ते तेच येते, कारण ते दोनच्या वर्गमुळाइतके आहे. या गुणोत्तराचा हा गुण १७८६ मध्ये एका पत्रात नोंदवला होता तो त्याच लिख्टेनबर्गने.

आणि पाचवी गोष्ट प्रयोगाची नाही, आपल्या धैर्याची आहे. प्रत्येक मुलाला एक वही अशी असू द्यावी, की जी आपण तपासणार नाही. तीत ते काहीही लिहील. मागचा आवाज किती वाजता थांबला, पहिला पाऊस कधी आला, कोणाकडून किती गोट्या येणे आहेत, न सुटलेले गणित. अट दोनच. तारीख लिहायची, आणि पान फाडायचे नाही. अक्षर वाईट असले तरी चालेल, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. ते पक्क्या वहीत पाहता येईल.

सुप्याच्या शेतकऱ्याकडे अशी वही नव्हती. निजामपुऱ्यातल्या काही कामगारांकडे ती आहे. त्यांच्या मुलांच्या दप्तरात पक्क्या वह्या भरपूर आहेत. त्यांत ही एक कच्ची वही घालणे आपल्या हातात आहे.